चोरासाठी पहारा ठेवतो, मग पाण्यासाठी का नाही?



आपल्या कोकणातल्या कुठल्याही बाजारपेठेत रात्री अकरानंतर फिरून पाहा. शिट्टी वाजवत, काठी आपटत गुरखा फिरताना दिसेल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दुकानावर येतो आणि आपण कुरकुर न करता त्याच्या हातावर पैसे ठेवतो. माझे वालिद हयात असल्यापासून आमच्या दुकानातून हे पैसे जातात. या सर्व वर्षांत आमच्या दुकानात चोरी झाली ती एकदाच, चार साड्या आणि गल्ल्यातली चिल्लर. पाण्याने मात्र दोनदा दुकान धुऊन नेले. एकदा २००५ मध्ये आणि दुसऱ्यांदा २०२१ मध्ये. चार साड्यांच्या चोरासाठी आम्ही वर्षानुवर्षे पहारेकरी पोसला आणि सगळे दुकान नेणाऱ्या पाण्यासाठी एक माणूसही ठेवला नाही. हा हिशेब कुठल्या वहीत बसतो, हे मला अजून कळलेले नाही.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचा धंदा करतो. माझी शाळा उर्दू माध्यमाची, मराठी मी गिऱ्हाइकांकडून आणि वर्तमानपत्रांतून शिकलो. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे. मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा, कारण तो फक्त चिपळूणचा नाही. महाड, खेड, राजापूर, बांदा, सांगली, कोल्हापूर, जिथे जिथे नदीच्या काठी बाजार वसला आहे तिथल्या प्रत्येक दुकानदाराचा तो आहे.

ईदची रात्र

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद होती. कोरोनाचे निर्बंध होते म्हणून नमाज घरीच अदा केली. पाऊस सकाळपासून थांबायचे नाव घेत नव्हता. ईदमुळे आमच्या पेठेतली बरीच दुकाने बंद होती. कुर्बानीचे काम, पाहुणे, वाटण्या यांत दिवस गेला. रात्री अडीचच्या सुमारास फोन वाजला. वडनाक्याकडे पाणी आले आहे, असे शेजारच्या दुकानदाराने सांगितले. माझे घर जरा उंचावर आहे. मी आणि मुलगा चाव्या घेऊन निघालो, पण निम्म्या वाटेवरच पाणी कमरेला लागले. वीज गेली, नंतर फोनही बंद झाले. पहाटेपर्यंत आम्ही एका इमारतीच्या जिन्यात उभे राहिलो. उजाडल्यावर पाहिले तर बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या तेवढ्या दिसत होत्या, काही ठिकाणी त्याही दिसत नव्हत्या.

त्या पुरात शहरातल्या एका रुग्णालयात ८ रुग्ण दगावले. वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या पुलाचा भाग खचला. महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली आणि वस्तीच्या वस्ती गाडली गेली. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे आमच्या कापडाच्या नुकसानीची गोष्ट काढायलाही लाज वाटते. पण हे पान तिजारतीचे आहे, आणि ज्या बाजारावर हजारो घरांच्या चुली पेटतात तो बाजार बुडाला तर त्याचाही हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

२००५ च्या पुरात माझ्या दुकानात पाणी साडेपाच फुटांपर्यंत आले होते. पाणी उतरल्यावर मी भिंतीवर लाल रंगाने रेघ मारून घेतली आणि साडेसात फुटांवर पोटमाळा बांधला. सुताराला म्हणालो, दोन फूट जास्त ठेवले, आता चिंता नाही. दर पावसाळ्यात जूनमध्ये भारी माल वर चढवायचा, असा सोळा वर्षांचा शिरस्ता झाला. २०२१ मध्ये पाणी त्या पोटमाळ्याच्याही वर गेले. शटर उघडले तेव्हा लाल साड्यांचा रंग पांढऱ्या शर्टिंगला लागला होता आणि सगळ्यावर चिखलाचा थर होता. भिजलेले कापड तीन दिवसांत कुजल्यासारखा वास मारते. ताग्यांच्या ताग्या ट्रकमध्ये कचरा म्हणून भरून दिल्या. त्यांत लॉकडाऊनमुळे रमजान ईदला आणि लग्नसराईत न विकला गेलेला मालही होता, म्हणजे एकाच मालावर दोनदा मार बसला.

आमच्या गल्लीत एक शिंपी आहेत. त्यांच्या चार मशिनच्या मोटारी गेल्या, त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकांचे शिवायला दिलेले कपडे गेले. दुकानदार व्यापाऱ्याला सांगू शकतो की माल बुडाला, थोडे थांबा. कारागिराने गिऱ्हाइकाला काय सांगायचे? त्यांनी दोन वर्षे लोकांचे कपडे फुकट शिवून ते देणे फेडले.

पाणी का आले

यावर चिपळूणमध्ये पुष्कळ वाद झाला. कोयनेचे पाणी वीज तयार करून पोफळी, अलोरे आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते, हे सर्वांना ठाऊक आहे. लवादाच्या निर्णयाप्रमाणे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असे पश्चिमेकडे वळवले जाते. त्या रात्री वीजनिर्मितीच्या पाण्याने पूर वाढला असे अनेक नागरिकांचे म्हणणे होते, संबंधित खात्याने ते नाकारले. त्याचा निवाडा जाणकारांनी करावा. मला व्यापारी म्हणून एवढे दिसते की या नदीला तीन बाजूंनी पाणी मिळते. आभाळातून पाऊस, घाटावरून वीजगृहाचे पाणी आणि दाभोळच्या खाडीतून भरती. तिन्ही एकदम आली की नदीला जायला जागा राहत नाही.

यांतली एक गोष्ट तरी आपल्याला कोणी सांगायची गरज नव्हती. बकरी ईद चाँदच्या १० तारखेला येते. म्हणजे पौर्णिमा तीन-चार दिवसांवर, उधाणाची भरती जवळ आलेली. खाडीकाठचा कुठलाही दालदी किंवा कोळी भाऊ हे बोटांवर मोजून सांगेल. सह्याद्रीच्या माथ्यावर काय चालले होते तेही लपलेले नव्हते. त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाऊस मोजणारा एका ठिकाणी होता, धरणाचा आकडा ठेवणारा दुसऱ्या ठिकाणी, भरतीचे कोष्टक तिसऱ्या ठिकाणी. तिन्ही आकडे जोडून मध्यरात्री बाजाराला हाक मारणारा माणूस कुठेच नव्हता. चार तास आधी हाक मिळाली असती तर पाणी थांबले नसते, पण निदान निम्मा माल, शिंपीबाबांच्या मशिनी आणि सगळ्यांच्या वह्या वाचल्या असत्या.

नदी गाळाने भरली होती हेही खरे. डोंगर बोडके झाले, माती खाली आली, भरतीने तिला समुद्रात जाऊ दिले नाही आणि पात्रात बेटे तयार झाली. शहराच्या पोटातून वाहणाऱ्या शिवनदीची तर गटारासारखी अवस्था झाली. यात आपला हातही आहे, तो मान्य केला पाहिजे. पऱ्ह्यावर स्लॅब टाकून दुकान चार फूट पुढे कोणी काढले? प्लास्टिकच्या पिशव्या आणि कापडाची पॅकिंग नाल्यात कोणी लोटली? सरकारकडे बोट दाखवताना आपल्या ओट्याखालून वाहणारे गटार आधी पाहावे.

दुसऱ्यांनी काय केले

माझा बराचसा माल सुरतहून येतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून तापीत ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. कापडाच्या मार्केटांचे किती नुकसान झाले ते इथे आम्हालाही जाणवले, कारण कित्येक महिने माल वेळेवर मिळेना. पण त्यानंतर सुरतने एक शहाणपणाची गोष्ट केली. महापालिका, पाटबंधारे खाते, तज्ज्ञ आणि तिथल्या व्यापार-उद्योगाचे चेंबर एकत्र बसले आणि धरणात किती पाणी येणार, किती सोडावे लागणार आणि शहरात ते केव्हा पोहोचणार, याची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभी केली. त्या टेबलाभोवती व्यापारी होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

कोल्हापुरात जा. तिथला रिक्षावाला, भाजीवाली, शाळकरी पोर, सगळ्यांना राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि अतोनात नुकसान झाले, हे खरे. तरीही एक आकडा सगळ्या शहराच्या तोंडी असणे ही मोठी ताकद आहे. पाणी ४१ फुटांवर गेले असे ऐकले की आखाड्याकाठचा दुकानदार कोणाच्या हुकमाची वाट न पाहता माल हलवू लागतो.

बांगलादेशाचे उदाहरणही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून अधिक माणसे समुद्राच्या पाण्याने नेली. १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार मेली. पुढे गावोगाव निवारे बांधले गेले आणि सत्तरच्या दशकात सुरू झालेली स्वयंसेवकांची फौज वाढवली गेली. हातात भोंगा, खांबावर निशाण, सायकलवरून घरोघर निरोप, असे साधेच काम. वादळे तितकीच जोरदार येतात, पण आता बळींची संख्या तिथे हजारांत किंवा लाखांत जात नाही. गरीब मुलुखातल्या गरीब माणसांनी हे केले. मग दोन-दोन मोबाइल खिशात बाळगणाऱ्या आपल्या बाजारपेठेला ते का जमू नये?

आपला घरचा हिशेब

आता थोडे वहीखात्याचे बोलतो, कारण पुराने आम्हाला सर्वांत जास्त तिथे मारले.

पहिली गोष्ट उधारीची. माझी उधारीची वही गल्ल्याखालच्या खणात होती. ती लगदा झाली. कोणाकडे किती येणे होते ते अर्धे आठवत होते, अर्धे नाही. ऑगस्टमध्ये गुहागरच्या वाटेवरच्या एका गावातून एक शेतकरी आले आणि चिखल काढलेल्या ओट्यावर २,३०० रुपये ठेवले. म्हणाले, ‘चाचा, तुमची वही बुडाली, माझं देणं नाय बुडालं.’ अशी माणसे बरीच आली, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण धंदा गिऱ्हाइकाच्या इमानावर सोडून चालत नाही. आता दर शुक्रवारी माझा मुलगा वहीच्या पानांचे फोटो काढून कराडच्या बहिणीला पाठवतो. पाच मिनिटांचे काम आहे. मालाच्या खरेदीची बिलेही तशीच पाठवतो.

दुसरी गोष्ट विम्याची. माझा विमा होता, पण बँकेने कर्जासाठी मागितला तेवढाच. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने शिल्लक माल विचारला, मी खरे तेच सांगितले, आणि हातात आली ती माझ्या अपेक्षेच्या निम्मी रक्कम. मी संतापलो. नंतर एका जाणकाराने समजावले तेव्हा कळले की चूक माझीही होती. समजा दुकानात २० लाखांचा माल आहे आणि विमा १० लाखांचा उतरवला आहे. नुकसान ८ लाखांचे झाले तर ८ लाख मिळत नाहीत, ४ लाख मिळतात, कारण विमा निम्म्याच मालाचा आहे असे धरले जाते. हप्त्यात हजार-दोन हजार वाचवायला गेलो आणि लाखांना मुकलो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने एका जागेवरील ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सर्व कंपन्यांना लागू केली आहे. तिच्यात पुराचा समावेश आहे आणि विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. पॉलिसी घेतली असेल तर कागद एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. ज्यांना विम्याबाबत शरई शंका आहे त्यांनी आलिमांना विचारावे. पण विमाही नाही आणि दुसरी सोयही नाही, अशी अवस्था ठेवू नये.

तिसरी गोष्ट सरकारी मदतीची. २०२१ च्या पुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्यांना जास्तीत जास्त १० हजार अशी मदत जाहीर झाली. मिळाली त्याबद्दल तक्रार नाही. पण परवाना, रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव हे सगळे जुळले तरच नाव यादीत चढले. ज्या कारागिरांकडे दुकानाची नोंदणी नव्हती, भाड्याची पावती नव्हती, ते पंचनाम्याच्या वेळी नुसते पाहत राहिले. शिंपी, गादीवाले, रंगारी, वेल्डिंगवाले भावांनो, नोंदणी करून घ्या. कागद नसला तर तुमचे नुकसान झालेच नाही असे धरले जाते.

चौथी गोष्ट कराची, आणि ही आपल्या सर्वांची एकत्र मागणी व्हायला हवी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे जो माल नष्ट झाला त्यावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही, घेतले असेल तर परत करावे लागते. कापडावर ५ टक्के कर धरला तर १० लाखांच्या बुडालेल्या मालावर हे ५० हजार होतात. म्हणजे सरकारने एका हाताने ५० हजार दिले आणि दुसऱ्या हाताने तेवढेच परत घेतले. सरकारी पंचनाम्यात नोंदलेल्या नैसर्गिक आपत्तीतल्या मालाला तरी या कलमातून सूट मिळाली पाहिजे. ही मागणी प्रत्येक व्यापारी संघटनेने जीएसटी परिषदेपर्यंत नेली पाहिजे.

नदीचे काम थांबता कामा नये

एका बाबतीत मात्र चिपळूणकरांचा अभिमान वाटतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये चिपळूण बचाव समितीच्या नावाने लोक साखळी उपोषणाला बसले. मागणी एकच, वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा. त्या मांडवात पेठमापचे आले, गोवळकोटचे आले, व्यापारी, वकील, डॉक्टर, भाजीवाले सगळे आले. कोण कुठल्या मोहल्ल्याचा आणि कोण कुठल्या आळीचा, हे कोणी विचारले नाही. त्यानंतर जलसंपदा खात्याने आणि नाम फाउंडेशनने गाळ काढायचे काम हाती घेतले.

पण गाळ काढणे हे घराला रंग देण्यासारखे एकदाचे काम नव्हे, ते रोजच्या झाडण्यासारखे आहे. डोंगरावरून माती दरवर्षी येणार. एक वर्ष काम थांबले तर पुढच्या वर्षी दुप्पट साचणार. उपोषणाला बसलेलेच लोक दोन चांगले पावसाळे गेले की विसरतात, हा माझा अनुभव आहे. मीही २००५ नंतर विसरलो होतो.

जायचे की राहायचे

माझा मुलगा म्हणतो, ‘अब्बा, पेठेतले दुकान विकून हायवेला उंचावर जाऊ या.’ त्याचे म्हणणे खोटे नाही. नदीच्या पूररेषा आखल्या गेल्या आहेत, त्यांच्या आत बांधकामावर बंधने आहेत, पेठेतली जुनी इमारत पाडून नवी उभारणे सोपे राहिलेले नाही. ज्यांच्याकडे भांडवल आहे ते एकेक करून निघतही आहेत. पण सगळेच गेले तर खेड्यातून येणारी बाई एका फेरीत कापड, भांडी, किराणा आणि औषध कुठे घेणार? आणि शिंपीबाबांना हायवेवरच्या गाळ्याचे भाडे परवडेल का? बाजार माणसांच्या जवळ असतो म्हणून बाजार असतो. म्हणून मी मुलाशी तडजोड केली आहे. गोदाम उंचावर नेले, पेठेत पावसाळ्याचे चार महिने फक्त पंधरा दिवसांचा माल ठेवतो. रोज टेम्पोचा खर्च पडतो, पण रात्री झोप लागते.

ज्यांना एकट्याने गोदाम परवडत नाही त्यांनी पाच-दहा जणांत मिळून उंचावर एक खोली घ्यावी. कारागिरांनी मशिनची मोटार चार स्क्रूंवर सुटेल अशी बसवून घ्यावी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समजा एका पेठेत ५०० दुकाने आहेत. प्रत्येकाने जून ते सप्टेंबर चार महिने दरमहा १०० रुपये काढले तर २ लाख रुपये जमतात. एवढ्यात पावसाळ्यापुरते दोन माणसे रात्रपाळीला ठेवता येतात. त्यांचे काम तीनच गोष्टींचे. पुलाजवळच्या पट्टीवर दर तासाला पाण्याची पातळी पाहणे, घाटमाथ्यावरचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग फोनवर विचारणे, आणि भरतीची वेळ फळ्यावर लिहिणे. ठरवलेल्या आकड्याला पाणी लागले की भोंगा वाजवायचा. मशिदीचा भोंगा, मंदिराची घंटा, जे हाताशी असेल ते. उरलेल्या पैशांचा बिनव्याजी इमदाद फंड करावा. पुरानंतर पहिल्या पंधरा दिवसांत ज्याला चूल पेटवायलाही पैसे नसतात, त्याला त्यातून उसने द्यावेत. दरवर्षीचा जमाखर्च कागदावर लिहून पेठेत सर्वांना दिसेल असा लावावा, म्हणजे भांडणे होणार नाहीत.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, वरची २०२१ ची. नवे गिऱ्हाईक विचारते, चाचा, हे काय आहे? मी दाखवतो. तिसरी रेघ कुठे येईल ते अल्लाहला माहीत. पण त्या रात्री मला अडीच वाजता शेजाऱ्याचा फोन येण्याऐवजी दहा वाजताच भोंगा ऐकू यावा, एवढे करणे आपल्या हातात आहे. पुढच्या जूनच्या आधी तुमच्या पेठेत एक बैठक बोलवा. गुरख्याचे पैसे ज्या वहीतून जातात त्याच वहीत खाली आणखी एक ओळ लिहा: पाण्याचा पहारा.